पहिली पसंती

माझ्या ॲडमिशनच्या पेढ्यांचा मला आजही राग येतो. सांगोल्याच्या स्टँडसमोरून आणलेले कंदी पेढे होते आणि गावातलं एकही घर त्यातून सुटलं नव्हतं. ज्याच्या हातावर पेढा पडे तो तोंडात टाकून एकच वाक्य बोले, "घराजवळ मिळालं बग, नशीब काढलंस." मी मान हलवायची. अंगावरच्या कांजिण्यांच्या खपल्या अजून पडायच्या होत्या, त्यामुळे रडून डोळे सुजलेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पोरगी डॉक्टर होणार म्हणून सगळं गाव आनंदात, आणि ती पोरगी मेंढरांच्या जाळीमागे उभी राहून दातओठ खात होती.

सोलापूरचं सरकारी कॉलेज वाईट आहे असं मी म्हणत नाही. जे काही येतं ते मला तिथेच आलं. अक्कलकोटकडची म्हातारी कन्नडातून पोटदुखी सांगायची, विडी वळणारी बाई तेलुगूतून छातीतलं दुखणं सांगायची आणि दोघींना माझ्या मराठीतून धीर द्यायचा, हे शिक्षण दुसरीकडे मिळालं असतं की नाही कोण जाणे. पण मला हवं होतं ते वेगळं होतं. ते माझ्या वतीने दुसऱ्याने मागितलं आणि उलटं मागितलं. माझा राग त्याचा आहे.

पुण्याचं वेड मला सातवीत लागलं. चुलत्याला पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, मला सोबत घेऊन गेले होते, कारण पाट्या वाचायला कुणीतरी हवं होतं. आण्णांची शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचतात, पण इंग्रजी पाटी आली की माझ्याकडे बघतात. तिथे कॉलेजच्या पायऱ्यांवर चार-पाच मुली बसल्या होत्या. पांढरे कोट मांडीवर टाकलेले, हातात वडापाव, आणि त्या मोठ्याने हसत होत्या. एवढंच. आमच्याकडे बाईमाणूस मोठ्याने हसलं की आतून कुणीतरी खोकतं. त्या पायऱ्यांवर कुणी खोकलं नाही. मी तिथेच ठरवलं, आपण इथे यायचं. परतताना एसटीत आण्णांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "ये की. कोन नगं म्हनतंय?"

नको म्हणणारे पुढे रांगेने भेटले. नीटची परीक्षा मी दिली, पण खरी परीक्षा दाखल्यांची होती आणि ती आण्णांनी दिली. जातीच्या दाखल्याची पडताळणी करून घ्यायला पणजोबांच्या शाळेचा कागद मागितला. आमचे पणजोबा जन्मभर मेंढरांमागे चालले. पाऊसकाळ तेवढा घरी, बाकी सगळं रानात. त्यांना शाळेत घालायचं कुणी, आणि कुठल्या गावच्या? हे मी टेबलामागच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "मग तुम्ही धनगर कशावरून?" म्हणजे मेंढरांमागे चालले म्हणून शाळेचा कागद नाही, आणि शाळेचा कागद नाही म्हणून ते मेंढरांमागे चाललेच नाहीत! या न्यायापुढे मी आजही हात टेकते. आण्णांनी मात्र तीन गावं पालथी घातली आणि एका चुलत पणजोबांच्या नावाची एक ओळ शाळेच्या जुन्या रजिस्टरातून शोधून काढली. चार दिवस शाळेत बसून पुन्हा मेंढरांकडे पळालेला तो आमचा पूर्वज सगळ्या घराण्याच्या कामी आला.

हे मुद्दाम सांगते आहे. एका ओळीसाठी तीन गावं हिंडलेल्या याच माणसाने आपलं वाटोळं केलं, असं मी पुढे पाच वर्षं धरून चालले.

मग आला पसंतीक्रम. ज्यांनी हा फॉर्म भरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. राज्यातल्या कॉलेजांपैकी आपल्याला हवी ती आपण ओळीने लिहायची. मेरिटप्रमाणे आपला नंबर आला की कम्प्युटर आपली यादी वरून खाली वाचतो, ज्या पहिल्या नावाला जागा शिल्लक असेल ती आपल्याला देतो आणि पुढचं वाचत नाही. मी वहीच्या पानावर इंग्रजीत बारा नावं लिहिली. एक नंबरला पुणं. बारा नंबरला, सगळ्यात खाली, सोलापूर. कुठेच नाही मिळालं तर घर आहेच, हा हिशेब. आदल्या वर्षी माझ्याच प्रवर्गातून पुण्याला शेवटी लागलेल्या मुलीला माझ्यापेक्षा कमी मार्क होते, हे मी क्लासच्या सरांकडून दोनदा पक्कं करून घेतलं होतं. पुणं माझं होतं. फक्त नीट मागायचं बाकी होतं.

त्याच आठवड्यात आण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, मोडनिंबहून खास आली. चहा व्हायच्या आत विषयाला हात घातला.

"पोरीला डाक्टर कर, माजं काय म्हननं न्हाय. पर सोलापुरातच. पुन्यात पोरी हाताबाहीर जात्यात. उद्या उजवायची हाय तिला."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आण्णा सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "बगू."

त्या 'बगू'चा मी नंतर फार कीस पाडला.

आणि फॉर्मच्या ऐन तोंडावर माझ्या अंगावर कांजिण्या उठल्या. अठराव्या वर्षी! आईने मला आतल्या खोलीत घातलं, उशाला लिंबाचा पाला ठेवला आणि घरभर सांगून टाकलं की पोरीला देवी आल्यात, अंघोळ होईस्तोवर उंबरा ओलांडायचा नाही. मी म्हणाले, "आई, ह्यो विषाणू आसतो." ती म्हणाली, "आसंना. पाला काय त्येला नडतोय?" मला हसू आलं नाही. साइट तीन दिवस कधी चालू, कधी बंद. माझ्याकडे साधा बटनांचा फोन, कारण क्लासमध्ये दुसरा चालत नसे. ओटीपी येणार आण्णांच्या नंबरवर. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला फॉर्म बंद होणार होता आणि सकाळी मी तापाने फणफणले होते.

आण्णा अंगणात बाजारला न्यायच्या मेंढरांना गेरूने खुणा करत होते. माझी हाक ऐकून आले, दारातूनच कागद घेतला. मी म्हणाले, "आण्णा, बगा हं, सगळ्यात वर पुणं हाय, सगळ्यात खाली सोलापूर. जसा लिवलाय तसाच." ते म्हणाले, "तू पड. मी हाय न्हवं." आणि हात धोतराला पुसून हायवेवरच्या सेवा केंद्राकडे निघाले.

दुपारी परत आले. मी ग्लानीतच विचारलं, "भरला?"

"भरला."

"जसा लिवला तसा?"

"तुज्या कागदावरची समदी कालेजं टाकल्यात. येकबी सोडलं न्हाय."

मी निवांत झोपले. मी एक विचारलं होतं आणि त्यांनी दुसरंच सांगितलं होतं, हे तापात कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला तसा मी प्रिंट मागितला. आण्णांनी खुंटीवरच्या सदऱ्यातून दोन कागद काढून दिले, एक छापील आणि एक माझा. छापील कागदावर पहिलं नाव सोलापूर. शेवटचं, बारावं, पुणं. मधली दहाही तशीच, खालची वर आणि वरची खाली. कुणीतरी माझी यादी पाय धरून उलटी टांगली होती. मग मी माझा कागद पाहिला. पुण्याच्या नावावर तांबडा डाग होता, अक्षरं अर्धी झाकून टाकणारा. मला वाटलं, काट मारली. पुण्यावर काट मारली.

मी सेवा केंद्रातल्या, फॉर्म भरून देणाऱ्या बाईंना फोन लावला. त्या बिचाऱ्या चांगल्या होत्या.

"अगं, मी दोनदा विचारलं त्यांना. म्हटलं, आण्णा, खालनं वर टाकू? नक्की का? तर म्हणाले, व्हय, खालनंच वर. मला कळतंय त्यातलं. मग मी काय करणार, सांग."

मला कळतंय त्यातलं! म्हणजे चूक झाली नव्हती. माणसाने विचार करून, दोनदा विचारल्यावर दोनदा हो म्हणून, माझं पुणं तळाशी घातलं होतं. आत्या मोडनिंबला परत जाऊन चार दिवसही झाले नव्हते.

मी लिंबाचा पाला भिरकावला आणि उंबरा ओलांडला. आई "आगं देवी, देवी" करत मागे आली. आण्णा मेंढरांना पाणी दाखवत होते.

"आत्याचं ऐकलंत न्हवं?" मी ओरडले. "तोंडावर 'ये की' म्हनायचं आन् मागनं दोर कापायचा! माज्या जल्माचं वाटोळं केलंत तुमी."

आजवर आमच्या घरात कुठल्या पोरीने बापाला असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आण्णांनी बादली खाली ठेवली. ते रागावले नाहीत. उलट इकडेतिकडे बघून, कुणी ऐकत नाही ना अशा आवाजात म्हणाले, "आगं हळू. आजून कुटं ठरलंय?"

काय ठरायचं राहिलं होतं? मला वाटलं, हा माणूस आता मला वेड्यात काढतोय. मी पुन्हा आत जाऊन पडले आणि आईने पाला पुन्हा उशाला ठेवला.

तिसऱ्या दिवशी तोंडाला स्कार्फ गुंडाळून, आईच्या शिव्या खात, मी सोलापूर गाठलं. मदत केंद्राच्या खिडकीत एक गृहस्थ होते. मी म्हणाले, "सर, माझा पसंतीक्रम उलटा भरला गेलाय. दुरुस्त करून मिळेल का?"

"लॉक झालाय."

"वडील भरायला गेले होते. त्यांना त्याचा अर्थ कळला नाही."

हे मी खोटं बोलले. आण्णांना सगळं कळलं होतं असं मला वाटत होतं, पण घरची लक्तरं खिडकीवर कशाला धुवायची? म्हणून हे कारण पुढे केलं.

तो गृहस्थ हसला. "पसंती म्हणजे पसंती. त्यात न कळण्यासारखं काय आहे? पुस्तिका वाचायची."

"पुस्तिका इंग्रजीत आहे, सर. ते चौथी शिकलेत."

"तुम्ही वाचायची मग. डॉक्टर व्हायचंय ना तुम्हाला?" आणि माझ्या डोक्यावरून मागच्याला म्हणाला, "पुढे या."

मी रांगेतून बाजूला झाले. आज बोलेन. अठराव्या वर्षी खिडकीतल्या माणसाला उलटं बोलायचं असतं हे कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि तोंडावर फोड असताना तर नाहीच.

पहिली फेरी लागली. मला सोलापूर. क्लासमधली एक मुलगी, माझ्याच प्रवर्गातली, माझ्यापेक्षा कमी मार्कांची, तिला पुणं. तिने आईच्या फोनवर मला पेढ्याचा फोटो पाठवला. पुढच्या फेरीची आशाही नव्हती, कारण पहिली पसंती मिळाली की विषय संपला. तुम्ही जे पहिलं मागितलं तेच तुम्हाला दिलं, आता तोंड वर करून आणखी काय मागता? क्लासच्या सरांनी चौकात फ्लेक्स लावला. त्यावर माझा दहावीतला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पहिल्याच फेरीत पहिली पसंती'. त्या फ्लेक्सखालून मी दोन महिने मान खाली घालून गेले. वाऱ्याने तो फाटला तेव्हा बरं वाटलं.

आण्णांनी पेढे वाटले, पण मला आठवतं, स्वतः खाल्ला नाही. तेव्हा मला वाटलं, मन खात असेल.

आमचं गाव सोलापूरपासून एसटीने अडीच तासांवर. होस्टेलच्या मुली शनिवार आला की घरी पळत. मी पळाले नाही. सणाला जायचं, आईशी बोलायचं, परत यायचं. आण्णाच महिन्यातून एकदा यायचे. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन होस्टेलच्या गेटवर उभे राहायचे.

"बरं हाय न्हवं?"

"बरं हाय."

इतकंच. पाच वर्षं इतकंच. दहा मिनिटं इमारतीकडे बघत उभे राहायचे आणि जायचे. एकदा म्हणाले, "पुन्याचं ह्येच्यापरीस मोटं आसंल न्हवं?" मला ते डिवचणं वाटलं. मी डबा घेतला आणि आत निघून आले. वळून पाहिलंसुद्धा नाही. माझा तो वहीचा कागद मी पेटीच्या तळाशी जपून ठेवला होता. उद्या कधी आण्णा म्हणाले की मी असं केलंच नाही, तर तोंडावर टाकायला.

मग इंटर्नशिप आली आणि माझी ग्रामीण भागातली ड्युटी आमच्याच तालुक्यात लागली. नाइलाजाने घरी राहायला आले. त्याच सुमाराला आण्णा मोटारसायकलवरून पडले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. रविवारी बाजार. कळपाला मेंढा घ्यायचा होता आणि आण्णा थांबायला तयार नव्हते. आई म्हणाली, "तूच न्हे त्यास्नी स्कूटीवर. मी सांगून थकले."

जनावरांच्या बाजारात आमच्याकडच्या बायका जात नाहीत. कुणी बंदी घातलेली नाही, पण जात नाहीत. मेंढरांच्या घरात जन्मून, लेंड्यांच्या वासात अभ्यास करून, मी तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा तो बाजार पाहिला.

शिरल्या शिरल्या मला एक मेंढा दिसला. माडग्याळी जातीचा होता. पोपटासारखं बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी पट्टे, आणि सगळ्या बाजारावर नाराज असल्यासारखा उभा. मी मोठ्याने म्हणाले, "आण्णा, ह्यो बगा की! लई भारी हाय."

आण्णांनी प्लास्टरचा हात माझ्या बरगडीत मारला. "गप! मनातलं जनावर त्वांडानं दावायचं न्हाय. म्होरच्याला कळलं की संपलं." आणि त्या मेंढ्याकडे न बघता सरळ पुढे गेले.

मग जे सुरू झालं ते मी दोन तास बघत होते. त्याच मालकाच्या दावणीला आणखी सहा-सात जनावरं होती. आण्णांनी सगळ्यात शेवटच्या, मरतुकड्या मेंढ्यापासून सुरुवात केली. त्याचे दात बघितले. पाठ चाचपली. चालवून बघितला. मालकाशी टॉवेलखाली डावा हात घालून, कुणाला कळू नये असा बोटांनी भाव केला, डोकं हलवलं, उठले, पुन्हा बसले. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. प्रत्येकाला तितकाच वेळ, तितकीच आस्था. बाकदार नाकाच्या त्या मेंढ्याजवळून चार वेळा गेले आणि एकदाही नजर टाकली नाही. मीच चुळबुळत होते. शेवटी आण्णा उठले, धोतर झटकलं, "जमत न्हाय पावनं" म्हणाले आणि चालायला लागले. दहा पावलांवर थांबून, वळून, जाता जाता विचारावं तसं म्हणाले, "आन् त्या ह्येचं काय म्हन्तोस?"

वैतागलेल्या मालकाने तो मेंढा आण्णांना हव्या त्या भावात दिला.

आण्णांनी पिशवीतून गेरूची डबी काढली. डाव्या हाताचा अंगठा बुडवला आणि मेंढ्याच्या पांढऱ्या कपाळावर दाबला. गर्दीत कुणी जनावर बदलू नये म्हणून, म्हणाले. हे आता आपलं, ही खूण.

मी तो तांबडा ठसा बघत उभी राहिले. मला तो ओळखीचा होता.

मेंढा टेंपोत चढवून आम्ही निघालो. गावाच्या अलीकडे, कॅनॉलपाशी मी स्कूटी थांबवली. आण्णांना वाटलं पेट्रोल संपलं.

"आण्णा, त्या फॉर्मला बी तुमी असंच केलंतं?"

त्यांना कुठला फॉर्म ते विचारावं लागलं नाही. ते कॅनॉलकडे बघत राहिले.

"मग? पैलंच पुन्याचं नाव घेतलं आसतं तर त्येंनी दिलं आसतं व्हय? पोरीला ह्येच पायजे म्हनून कळलं आसतं की. म्हनून म्हटलं, सोलापुरापास्नं सुरू करावं. ह्ये नगं, ह्ये नगं म्हनत म्हनत शेवटाला पुन्याचं इचारावं. त्या बाईस्नी कळावं म्हनून पुन्यावर खूणबी केलती, ह्ये आपलं हाय म्हनून." मग म्हणाले, "पर त्यानं पैल्यालाच व्हय म्हटलं. मला न्हाय म्हनायला जागाच ठिवली न्हाय."

'आजून कुटं ठरलंय?' अंगणात हळू आवाजात म्हणाले होते. त्यांच्या लेखी सौदा चालू होता. सरकार समोर बसलंय, टॉवेलखाली हात आहे, आणि पोरगी मोठ्याने ओरडून मनातलं सांगते आहे. म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं होतं.

"मला वाटलं, आत्याचं ऐकून केलंत."

आण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. खरंच नवल वाटलेलं दिसलं. "आक्काचं? तिला काय जनावर कळतंय व्हय? जल्मात येक मेंढरू इकत घेतलं न्हाय तिनं."

"मग पाच वर्सं बोलला का न्हाईत?"

"फसलेला सौदा कोन बोलून दावतं? इतकी वर्सं बाजार केला, कुनी फशिवलं न्हाय. आन् पोरीच्याच येळंला..." ते डाव्या हाताच्या अंगठ्यावरचा गेरू प्लास्टरवर घासत राहिले.

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. आण्णांवरचा राग तिथेच कॅनॉलवर उतरला, पण तो नाहीसा झाला नाही. तो त्या खिडकीवर दुप्पट चढला. त्यात न कळण्यासारखं काय आहे? हे आहे, साहेब! आयुष्यभर ज्या माणसाला मनातलं लपवल्याशिवाय काही मिळालं नाही, त्याला तुम्ही एक फॉर्म देता आणि मनातलं पहिलं लिहा म्हणता, तेही इंग्रजीत. एक ओळ, मराठीत एक ओळ, 'सगळ्यात हवं ते सगळ्यात वर लिहा, त्याने काही बिघडत नाही', एवढी तुमच्याने छापवत नव्हती? आणि मी त्या दिवशी खिडकीवर जे खोटं म्हणून बोलले, वडिलांना त्याचा अर्थ कळला नाही, तेच खरं होतं. ते मला कळलं नव्हतं. मी त्यांच्या बाजारात कधी गेले नव्हते, आणि विचारण्याइतकी मायाही पाच वर्षांत दाखवली नव्हती. त्या माणसाला शिव्या देताना माझंही नाव त्यात घ्यावं लागतं, याचा राग वेगळा.

घरी आल्यावर मी पेटी उघडली. कागद घडीवर पिवळा पडला होता. पुण्याच्या नावावरचा डाग मी आता नीट, उजेडात धरून पाहिला. काट नव्हती. बोटाच्या रेषा दिसत होत्या. नावाच्या बरोबर मध्ये, जपून दाबलेला अंगठा होता.

अंगणात आण्णा नव्या मेंढ्याला आल्यागेल्याला दाखवत होते. मी बाहेर येऊन कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"आगं, ह्यो आजून जपून ठिवलायस व्हय तू?"

मी हो म्हणाले. कशासाठी जपला होता ते सांगितलं नाही.